शेवटच्या घरापर्यंत : मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातील सज्जन धर्मगुरू

चॉसरच्या ‘द कँटरबरी टेल्स’ या काव्यात सुमारे तीस यात्रेकरू भेटतात. लंडनच्या दक्षिणेला, साउथवर्कमधल्या ‘टॅबर्ड’ नावाच्या सराईत ते जमतात आणि संत थॉमस बेकेट याच्या समाधीच्या दर्शनासाठी कँटरबरीला निघतात. यांतल्या बहुतेकांची नावे आपण विसरतो. पण त्यांचे कपडे, घोडे आणि चेहरे लक्षात राहतात. मठवासी मंकच्या बाह्यांना उंची करडी फर लावलेली आहे आणि त्याच्या घोड्याच्या लगामाला घुंगरू आहेत. मठाधिकारिणीच्या हातात पोवळ्यांची जपमाळ आहे आणि तिला सोन्याचे पदक लटकते आहे. धर्मकोर्टाची समन्से बजावणाऱ्या समन्सरच्या तोंडावरच्या पुळ्या पाहून मुले घाबरतात. या मेळ्यात एक माणूस मात्र असा आहे, की त्याचा चेहरा कसा, अंगावर काय, घोडा कोणत्या रंगाचा, यातले काहीही कवी सांगत नाही. सांगतो ते एवढेच, की त्याच्या हातात काठी असे. हा गावचा गरीब धर्मगुरू. इंग्रजीत त्याला ‘पार्सन’ म्हणतात.

इंग्रजी साहित्याच्या वर्गात या पार्सनची ओळख ‘आदर्श पात्र’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जाते आणि गाडी पुढे जाते. माझे कुतूहल नेमके तिथेच अडले आहे. ज्या कवीने चर्चच्या जवळजवळ प्रत्येक पदाधिकाऱ्याची हसत हसत सालटी काढली, त्याने या एकाला का सोडले? त्याचे चित्र आदर्श आहे म्हणावे, तर त्यात रंग का नाहीत? आणि हा सज्जन माणूस चॉसरने कल्पनेतून घडवला, की त्याच्यामागे कुणाची तरी परंपरा होती? या प्रश्नांचा माग काढत गेले की पार्सनच्या काठीचा इतिहास सापडतो, आणि तो सातशे वर्षे मागे जातो.

‘नाही’ने घडलेला माणूस

पार्सनवरच्या पन्नासेक ओळी लक्ष देऊन वाचल्या की पहिली गोष्ट जाणवते ती त्यांतल्या नकारांची. तो काय करतो यापेक्षा तो काय करत नाही, हेच चॉसर पुन्हा पुन्हा सांगतो. दशमांश थकला म्हणून तो कुणाला शाप देत नाही. पाऊस असो वा गडगडाट, दूरच्या घरी जायचे तो टाळत नाही. आपली जागा मक्त्याने देऊन तो लंडनला पळत नाही. पापी माणसाशी तो तुच्छतेने बोलत नाही. मानमरातबाची वाट पाहत नाही.

हे नकार म्हणजे नुसती स्तुती नव्हे. त्यांतला प्रत्येक नकार त्या काळच्या एकेका चालू व्यवहाराकडे बोट दाखवतो. ते समजायचे तर मध्ययुगीन इंग्लंडमधले गावचे चर्च हे आपल्याकडच्या वतनासारखे होते, हे ध्यानात घ्यावे लागते. गावातल्या प्रत्येक कुटुंबाने धान्य, गवत, कोकरे, लोकर, दूध, अगदी अंडीसुद्धा, या सगळ्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. हा दशमांश ज्याच्या नावावर तो पार्सन. पण वतनदाराने स्वतः गावात राहिलेच पाहिजे असे व्यवहारात नव्हते. थोड्या पगारावर एखादा मुतालिक नेमून, उरलेले उत्पन्न घेऊन शहरात राहणारे पार्सन पुष्कळ होते. एकाच वेळी दोन-तीन गावांची उत्पन्ने खाणारेही होते.

दशमांश न देणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याचे हत्यार चर्चच्या हाती होते, आणि ते केवळ परलोकापुरते नव्हते. बहिष्कृत माणूस चाळीस दिवसांत शरण आला नाही, तर बिशपच्या पत्रावरून राजाचे अधिकारी त्याला पकडून तुरुंगात टाकू शकत. चॉसरने समन्सरच्या वर्णनात या हुकूमनाम्याचा थेट उल्लेख केला आहे, आणि त्याला माणसाने घाबरून असावे असा खोचक सल्लाही दिला आहे. म्हणजे पार्सन शाप द्यायला नाखूश असतो असे जेव्हा चॉसर म्हणतो, तेव्हा त्याच्या वाचकाला शेजारच्या गावातला तुरुंगात गेलेला शेतकरी आठवत असणार. हा पार्सन उलट वागतो: चर्चमध्ये जमलेल्या दानातून आणि स्वतःच्या गाठीतून तो गरिबांना देतो, कारण त्याला थोडक्यात भागवता येते.

लंडनच्या उल्लेखामागेही असेच वास्तव आहे. श्रीमंत माणसे मरताना पैसे ठेवून जात, की माझ्या आत्म्यासाठी अमुक वर्षे रोज मिस्सा म्हटली जावी. अशा नेमणुका सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये भरपूर होत्या. काम हलके, पगार बांधलेला, चिखल नाही, आजाऱ्यांच्या खाटा नाहीत. गावची मेंढरे चिखलात सोडून त्या नेमणुकीमागे धावणारा तो भाडोत्री, मेंढपाळ नव्हे, असे चॉसर म्हणतो. ही मेंढपाळाची प्रतिमा बायबलमधली. तिच्या जोडीला त्याने सोन्या-लोखंडाचा दृष्टान्त दिला आहे. ज्याने गंजू नये तोच धातू गंजला तर हलक्या धातूकडून काय अपेक्षा करणार, असा त्याचा आशय. इथे टोला केवळ वाईट धर्मगुरूला नाही. सामान्य माणसाच्या पापाचा हिशेबसुद्धा गुरूच्या खात्यावर मांडला जाईल, असा त्याचा कडक अर्थ आहे.

जिल मान या विदुषीने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की चॉसरच्या या चित्रमालिकेमागे समाजातल्या एकेका वर्गाचे दोष सांगणाऱ्या उपहासकाव्याची लांब परंपरा आहे. ते वाचल्यावर मला पार्सनचे चित्र निराळे दिसू लागले. त्या परंपरेतल्या वाईट धर्मगुरूचे सारे दोष घ्यावेत आणि प्रत्येकापुढे ‘नाही’ लिहावे, की पार्सन तयार होतो. छायाचित्राची निगेटिव्ह असते तसा तो आहे: त्याचा चेहरा कोरा आहे, पण त्याच्यावर त्या काळाचा सगळा अंधार उमटला आहे.

घोडा नको म्हणणारा बिशप

पण त्या चित्रात एक गोष्ट अशी आहे, की जी नकारातून आलेली नाही. ती म्हणजे चालणे. पार्सनचे धर्मग्राम विस्तीर्ण आहे, घरे एकमेकांपासून लांब आहेत, आणि कुणी आजारी असो वा संकटात, तो सर्वांत दूरच्या घरापर्यंत पायी जातो. लहान घर, मोठे घर असा भेद करत नाही. हे चालणे चॉसरला कुठून मिळाले?

इंग्लंडच्या पहिल्या मोठ्या इतिहासकाराकडे गेले की उत्तराचा धागा सापडतो. जॅरोच्या मठातला साधू बीड याने ७३१ साली इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास लॅटिनमध्ये पूर्ण केला. नवव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तो जुन्या इंग्रजीतही आला. त्यात एडन नावाच्या बिशपची हकीगत आहे. नॉर्थम्ब्रियाच्या ऑस्वाल्ड राजाने ६३५ साली आयोना बेटावरून धर्मोपदेशक मागवला. आधी आलेला माणूस कडक होता. लोक ऐकत नाहीत म्हणून तो परत गेला. मग एडन आला. त्याला इंग्रजी नीट येत नव्हते, तेव्हा तो आयरिशमध्ये प्रवचन करी आणि राजा स्वतः दरबाऱ्यांसाठी त्याचे भाषांतर करी. राजा दुभाषा आणि पाहुणा गुरू, असे ते दृश्य आहे.

एडन सगळीकडे पायी फिरे. वाटेत भेटेल त्याच्याशी, गरीब असो वा श्रीमंत, थांबून बोले. पुढच्या काळातल्या ऑस्वीन राजाने त्याला एक उमदा घोडा दिला. नद्या ओलांडताना, तातडीच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. थोड्याच दिवसांत एक भिकारी भेटला, आणि एडनने खोगिरासकट तो घोडा त्याला देऊन टाकला. राजा रागावला: द्यायला साधा घोडा नव्हता का? एडनने उलट विचारले, की घोडीचे पोर तुम्हाला देवाच्या लेकरापेक्षा जवळचे आहे का? राजा शेकोटीपाशी उभा होता. त्याने कमरेची तलवार काढून सेवकाकडे दिली आणि तो बिशपच्या पाया पडला. एडनच्या डोळ्यांत पाणी आले. इतका नम्र राजा फार दिवस जगणार नाही, असे तो म्हणाला. ६५१ साली ऑस्वीनचा खून झाला, आणि त्यानंतर बाराव्या दिवशी एडन वारला.

बीडचे या एडनशी एक मोठे भांडण होते. ईस्टरची तारीख काढण्याची एडनची पद्धत त्याला चुकीची वाटे, आणि बीडच्या लेखी तो प्रश्न क्षुल्लक नव्हता. तरीही त्याने एडनची मनापासून स्तुती केली. कारण एकच: जे शिकवले तसेच तो जगला. आणि ही स्तुती करताना, आमच्या काळातल्या आळसापेक्षा ते जीवन किती वेगळे होते, असा चिमटाही तो काढतो. आठव्या शतकातसुद्धा चांगला धर्मगुरू हा ‘पूर्वीचा’ होता, हे गमतीचे आहे. मरणाच्या आदल्या वर्षी, ७३४ साली, बीडने बिशप एग्बर्टला एक पत्र लिहिले. दुर्गम डोंगरांत आणि दाट जंगलांत अशी गावे आहेत, की तिथे वर्षानुवर्षे बिशप फिरकलेला नाही. पण त्याला द्यायचा कर मात्र त्यांतल्या एकाही गावाला चुकलेला नाही, अशी तक्रार त्यात आहे. चॉसरच्या साडेसहाशे वर्षे आधी पार्सनच्या चित्राचा आराखडा इथे तयार आहे: एकीकडे वसुली, दुसरीकडे चालणे.

मराठीत आपण ‘चाल’ हा शब्द पायांसाठी वापरतो आणि वागण्यासाठीही. ‘चालचलणूक’ म्हणताना दोन्ही अर्थ एकत्र येतात. बीडपासून चॉसरपर्यंतच्या लेखकांनी धर्मगुरूच्या बाबतीत हेच केले. त्याचे आचरण मोजायला त्यांनी अंतराचे माप वापरले. सद्गुणाचे वर्णन करणे अवघड. शेवटचे घर किती लांब आहे आणि तो तिथे गेला की नाही, हे मात्र कुणालाही सांगता येते.

कामाची यादी आणि महामारी

एडन बिशप होता, राजाचा गुरू होता. गावच्या साध्या धर्मगुरूकडे साहित्याचे लक्ष जायला आणखी काही शतके लागली. त्यासाठी आधी त्याच्या कामाला नेमका आकार यावा लागला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले, की प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे. या एका नियमाने खेड्यातला धर्मगुरू घराघराच्या गुपितांचा साक्षी झाला. १२८१ साली कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम यांनी आदेश काढला, की धर्मगुरूने वर्षातून चार वेळा लोकांना त्यांच्या बोलीभाषेत श्रद्धासूत्र, दहा आज्ञा, सात पापे, दयेची कृत्ये समजावून सांगावीत. या आदेशाची सुरुवातच धर्मगुरूंच्या अज्ञानाच्या उल्लेखाने होते. पुढे त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तके निघाली. श्रॉपशरमधल्या जॉन मर्क याने तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस, लॅटिन बेताचे असलेल्या धर्मगुरूंसाठी सूचना इंग्रजी पद्यात लिहिल्या; पाठ व्हायला सोपे जावे म्हणून.

म्हणजे चांगला धर्मगुरू कसा असावा, याची यादी तयार होती. तेवढ्यात १३४८ चा उन्हाळा आला आणि प्लेग इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. दीड-दोन वर्षांत देशाची तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोकसंख्या मेली. मरणाऱ्याच्या उशाशी जाणे हेच ज्यांचे काम, ते धर्मगुरू तर हमखास मेले. बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ यांनी जानेवारी १३४९ मध्ये आपल्या हद्दीत पत्र पाठवले: धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने कुणाही सामान्य माणसापुढे, अगदी स्त्रीपुढेही, पापे सांगावीत. त्या काळच्या चर्चने हे लिहावे, यावरून परिस्थितीची कल्पना येते.

जे चांगले होते ते आजाऱ्यांकडे गेले आणि मेले. जे उरले त्यांचा भाव वाढला, असा कडवट निष्कर्ष तेव्हाचे लोक काढत. तो सर्वस्वी न्याय्य नव्हता. पण १३५० साली आर्चबिशप सायमन आयस्लिप यांनी जो आदेश काढला, त्यात धर्मगुरू खेड्यांतले काम नाकारून जास्त पैशांच्या मिस्सांमागे लागले आहेत अशीच तक्रार आहे, आणि त्यांच्या पगारावर मर्यादा घातली आहे. पुढच्याच वर्षी संसदेने शेतमजुरांच्या मजुरीवर कायद्याने मर्यादा घातली. मजूर आणि धर्मगुरू एकाच तक्रारीच्या कागदावर आले.

या काळाचा सर्वांत अस्वस्थ कवी विल्यम लँगलंड. त्याच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्याच्या सुरुवातीलाच गावोगावचे धर्मगुरू बिशपकडे गाऱ्हाणे घेऊन उभे आहेत: महामारीपासून आमची गावे गरीब झाली, आम्हाला लंडनला राहायची परवानगी द्या. पुढे ‘आळस’ हे पाप माणसाचे रूप घेऊन कबुलीजबाब देते, तेव्हा ते धर्मगुरूच्या वेषात असते. तीस वर्षे धर्मगुरू आहे, पण धड गाता येत नाही की संतचरित्र वाचता येत नाही. शेतातला ससा मात्र अचूक सापडतो. रॉबिन हुडची गाणी त्याला पाठ आहेत, देवाची नाहीत. इंग्रजी साहित्यात रॉबिन हुडच्या गाण्यांचा पहिला उल्लेख तो हाच.

लँगलंडने चांगला धर्मगुरू शोधला, पण तो त्याला धर्मगुरूंमध्ये सापडला नाही. सत्याकडे जाण्याची वाट दाखवायचे काम त्याने नांगरट करणाऱ्या पिअर्सला दिले. पिअर्सला मिळालेला क्षमापत्राचा कागद एक धर्मगुरू वाचतो आणि यात क्षमा कुठेच दिसत नाही म्हणून हिणवतो. दोघांची जुंपते, आणि त्या गोंगाटाने स्वप्न पाहणारा कवी जागा होतो. हा कवी स्वतःलाही सोडत नाही. काव्याच्या शेवटच्या पाठात निवेदक लंडनच्या कॉर्नहिल भागात बायकोसह राहतो आणि पोटासाठी लोकांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणत हिंडतो. जे पळून लंडनला आले, त्यांच्यातलाच एक होऊन तो बोलतो. म्हणून लँगलंडच्या उपहासात चॉसरचे हसू नाही. तिथे जखम आहे.

शेतकऱ्याचा भाऊ

या पार्श्वभूमीवर चॉसरने केलेली एक छोटी जोडणी मला फार महत्त्वाची वाटते. पार्सनसोबत त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो शेतकरी आहे. त्याने आयुष्यात गाड्या भरभरून शेणखत वाहिले आहे. तो शेजाऱ्याचे काम फुकट करून देतो आणि दशमांश वेळेवर, पुरता देतो. लँगलंडने धर्मगुरूकडून काढून नांगऱ्याला दिलेला मान चॉसरने दोघा भावांत वाटून दिला.

या नात्यामुळे पार्सन कुठल्या मातीतून आला तेही कळते. शेतकऱ्याघरच्या मुलाने धर्मगुरू होणे अशक्य नव्हते, पण सोपेही नव्हते. घर भूदासाचे असेल तर मुलाच्या शिक्षणासाठी जमीनदाराची परवानगी लागे. असा माणूस शिकून विद्वान झाला आणि पुन्हा खेड्यातच राहिला. चॉसरच्याच ‘रीव्हज टेल’मध्ये ट्रम्पिंग्टनचा दुसरा एक पार्सन आहे. त्याची मुलगी गिरणीवाल्याला दिलेली आहे, आणि चर्चची मालमत्ता आपल्या नातीकडे कशी वळवावी हा त्याचा विचार चालू आहे. एकाला रक्ताचे नाते चर्चच्या तिजोरीकडे नेते, दुसऱ्याला शेणखताच्या गाडीकडे.

मात्र १३८० च्या दशकात धर्मगुरू आणि शेतकरी शेजारी उभे करणे निरुपद्रवी नव्हते. जून १३८१ मध्ये केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून आले. त्यांच्यात जॉन बॉल नावाचा धर्मगुरू होता. मालक-चाकर हा भेद देवाने केलेला नाही असे तो सांगत असे, आणि त्यासाठी त्याने अनेकदा तुरुंग भोगला होता. त्याच्या नावावरच्या पत्रांत ‘पिअर्स प्लाउमन’ हे नाव खुणेच्या शब्दासारखे येते. बंडखोरांनी कँटरबरीचे आर्चबिशप सायमन सडबरी यांचा शिरच्छेद केला. महिनाभरात बॉलला सेंट ऑल्बन्स इथे फाशी देण्यात आले. एसेक्सचे बंडखोर ऑल्डगेटच्या वेशीतून शहरात शिरले; त्याच वेशीवरचे घर तेव्हा चॉसरच्या नावावर होते. एवढे होऊनही पार्सन आपल्या प्रवचनात लोभाच्या प्रकरणात सांगतो, की ज्या बीजातून कुळवाडी उगवतो त्याच बीजातून धनी उगवतो, आणि तारण दोघांचेही सारखेच होऊ शकते. बंडाची भाषा आणि प्रवचनाची भाषा यांत अंतर होते, पण ते फार नव्हते.

दुसरा धोका पाखंडाचा होता. ऑक्सफर्डचे विद्वान जॉन विक्लिफ यांनी चर्चच्या संपत्तीवर आणि अधिकारावर हल्ला चढवला होता. १३८४ साली ते वारले, पण त्यांच्या अनुयायांना ‘लॉलर्ड’ हे कुत्सित नाव चिकटले. ‘मॅन ऑफ लॉ’च्या कथेनंतरच्या एका तुकड्यात सराईचा मालक शपथा घालत पार्सनला गोष्ट सांगायचा आग्रह करतो. देवाच्या नावाने अशा शपथा कशाला, एवढेच पार्सन विचारतो. त्याबरोबर मालक खिजवतो, की वाऱ्यावर लॉलर्डचा वास येतो आहे. आणखी एक यात्रेकरू मध्ये पडतो: याला बोलू देऊ नका, हा आपल्या स्वच्छ गव्हात तण पेरेल. लॅटिनमध्ये तणाला ‘लोलियम’ म्हणतात. त्यावरची ही कोटी. हा तुकडा सर्व हस्तलिखितांत नाही. प्रसिद्ध एल्समिअर प्रतीत तो गाळलेला आहे.

पार्सन लॉलर्ड होता का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्ची घातली. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. लॉलर्डांना तीर्थयात्रा आणि धर्मगुरूपुढचे पापनिवेदन दोन्ही मान्य नव्हते. पार्सन तर यात्रेला आला आहे आणि त्याचे सगळे प्रवचन पापनिवेदनावर आहे. खरा मुद्दा वेगळा आहे. शिवी देऊ नका एवढे म्हटल्याबरोबर माणसावर पाखंडाचा संशय यावा, अशी वेळ आली होती. चांगुलपणा इतका दुर्मीळ झाला, की तो दिसताच लोकांना त्यात पंथाचा वास येऊ लागला. हा विनोद लवकरच जिवावरचा ठरला. १४०० साली चॉसर वारला आणि काही महिन्यांतच, १४०१ मध्ये, विल्यम सॉट्री हा लिन गावात सेवा केलेला धर्मगुरू लॉलर्ड म्हणून लंडनला जिवंत जाळला गेला.

ऐकणारा व्हिकर

या लिन गावातच मार्जरी केम्प नावाची स्त्री राहत होती. चौदा मुलांची आई, दर्शने पाहणारी, चर्चमध्ये मोठ्याने रडणारी. तिने १४३० च्या दशकात लिहवून घेतलेले आत्मकथन शतकानुशतके हरवले होते. त्याचे हस्तलिखित १९३४ साली सापडले. शपथा घालणाऱ्यांना टोकते म्हणून तिलाही लॉलर्ड ठरवले गेले. तिला जाळावे अशी इच्छा एका बाईने तिच्या तोंडावर बोलून दाखवली.

तिच्या पुस्तकात एक खराखुरा सज्जन धर्मगुरू आहे: नॉरिचच्या सेंट स्टीफन्स चर्चचे व्हिकर रिचर्ड केस्टर. मार्जरी त्यांना म्हणाली, की देवाच्या प्रेमाविषयी मला तुमच्याशी तास-दोन तास बोलायचे आहे. त्यांनी हात वर केले: दोन तास! एका बाईला या विषयावर एवढे बोलण्यासारखे काय असेल? पण मग ते म्हणाले, की ऐकल्याशिवाय आता मी जेवणार नाही. ते बसले आणि त्यांनी ऐकले. पुढे तिच्यावर आरोप झाले तेव्हा ते तिच्या बाजूने उभे राहिले. १४२० साली ते वारले आणि त्यांच्या कबरीवर लोक दर्शनाला येऊ लागले.

मला हा प्रसंग पार्सनच्या चित्राइतकाच मोलाचा वाटतो, कारण इथे सज्जन माणसाला चेहरा आहे. त्याला आधी हसू येते, त्याच्या मनात त्याच्या काळाचा पूर्वग्रह आहे, आणि तरी तो बसून ऐकतो. दूरच्या घरापर्यंत चालत जाणे हे एक, आणि समोर आलेल्या विक्षिप्त बाईपर्यंत मनाने जाणे हे दुसरे. अंतर दोन्हीकडे कापावेच लागते.

कथा नाकारणारा

शेवटी चॉसरकडे परतू. त्याच्या काव्यातली सर्वांत प्रभावी बोधकथा कोण सांगतो? क्षमापत्रे विकणारा पार्डनर. उशीचा अभ्रा मरियामातेचा पदर म्हणून आणि डुकराची हाडे संतांचे अवशेष म्हणून तो खपवतो. आपण लोभापोटी लोभाविरुद्ध प्रवचन देतो हेही उघड सांगतो. आणि मग झाडाखालच्या सोन्यापायी एकमेकांचा जीव घेणाऱ्या तिघांची अशी गोष्ट सांगतो, की सहाशे वर्षांनी वाचतानाही अंगावर काटा यावा.

पार्सनची पाळी सर्वांत शेवटी येते. सूर्य कलला आहे. मालक गोष्ट मागतो; पार्सन गोष्टच नाकारतो. कल्पित कथा माझ्याकडून मिळणार नाही, मी दक्षिणेकडचा, मला अनुप्रास जमत नाही आणि यमकाचेही फारसे कौतुक नाही, असे तो स्पष्ट सांगतो. मग गद्यात पश्चात्तापावर आणि सात पापांवर लांबलचक प्रवचन देतो. पश्चात्ताप हे झाड, मनातली खंत हे त्याचे मूळ, पापनिवेदन ही फांद्या-पाने आणि प्रायश्चित्त हे फळ. ही सामग्री चॉसरने पेन्याफोर्टचा रेमंड आणि पेराल्डस या तेराव्या शतकातल्या दोघा लेखकांच्या लॅटिन ग्रंथांतून घेतली आहे. विद्यार्थी हा भाग ओलांडून जातात आणि प्राध्यापकही त्यांना अडवत नाहीत.

चॉसरला हे कळत नव्हते असे मानता येत नाही. वाईट माणसाला त्याने कथा दिली आणि चांगल्याला शेवटचा शब्द दिला. त्या शब्दानंतर स्वतःच्या सांसारिक कवितांबद्दल क्षमा मागून काव्य संपवले. वाणीचे सामर्थ्य आणि वागण्याचे सामर्थ्य एकाच माणसात असतेच असे नाही, हे सत्य त्याने सोडवायला न बसता तसेच मांडून ठेवले. पार्सनचे खरे प्रवचन त्या गद्यात नाहीच. ते पावसात, चिखलात, कुणी लिहून न घेता होऊन गेले आहे.

तीनशे वर्षांनी, १७०० साली, जॉन ड्रायडन या कवीने सॅम्युअल पीप्सच्या सुचवण्यावरून पार्सनचे हे चित्र आपल्या काळाच्या इंग्रजीत नव्याने लिहिले, आणि त्यात स्वतःची भर घातली. त्याचा पार्सन राजा बदलल्यावर नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घेत नाही. शांतपणे चर्चचे उत्पन्न सोडतो आणि पुन्हा पायी चालू लागतो. नव्या राजवटीची शपथ नाकारल्यामुळे ड्रायडनने स्वतः राजकवीचे पद गमावले होते. चॉसरच्या यादीत नसलेला एक ‘नाही’ त्याने आपल्या काळातून आणून जोडला. पार्सनच्या चित्रात चेहरा नाही, त्याची उणीव भासत नाही ती यामुळेच असावी. पुढच्या माणसाला आपला नकार लिहायला तिथे जागा मोकळी आहे. काठी मात्र सातशे वर्षांच्या आधीपासून तीच आहे, आणि शेवटचे घरही तेवढेच लांब.